डोटीकडची भाषा

माझी सगळी नोकरी ठाण्याच्या मराठी प्राथमिक शाळांमध्ये गेली. जून उजाडला की प्रवेशाचे अर्ज, जन्माचे दाखले, आधारच्या झेरॉक्स, आणि या सगळ्यात एक रकाना: मातृभाषा. आमच्याकडे तिथे चार-पाच शब्दांपलीकडे काही येत नसे. मराठी, हिंदी, तेलुगू, उर्दू. आणि वॉचमनची पोरं असली की नेपाळी. बाप रात्रपाळी संपवून, निळा शर्ट न बदलताच यायचा, ‘नेपाळी’ म्हणायचा आणि सही करून झोपायला पळायचा.

त्यातला एक मुलगा दुसरीत माझ्या वर्गात होता. राहायलाही आमच्याच सोसायटीत, जिन्याखालच्या खोलीत. फाटकाशी आई दिसली की इतर पोरांसारखाच ‘आई’ अशी हाक मारायचा. एकदा मधल्या सुट्टीत पडला, गुडघा फुटला, आणि रडताना त्याच्या तोंडून ‘इजा, इजा’ असं निघालं. नेपाळी मुलं आईला ‘आमा’ म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. संध्याकाळी बापाला विचारलं. तो हसला. म्हणाला, “घरी आम्ही डोट्याली बोलतो, मॅडम. पण कागदावर नेपाळीच राहू द्या. डोट्याली लिहिलंत तर पुढे प्रत्येक ऑफिसात मला भूगोल शिकवत बसावं लागेल.”

तो भूगोल मग मी शिकायला घेतला. आधी त्याच्याकडून, नंतर पुस्तकांतून, आणि निवृत्तीनंतर एका भाद्रपदात थेट त्याच्या गावी जाऊन.

नेपाळ म्हटलं की आपल्यापुढे काठमांडू, पशुपतिनाथ आणि एव्हरेस्ट उभं राहतं. डोटी यातल्या कशाच्याच जवळ नाही. महाकाली नदीच्या अलीकडे आपला उत्तराखंड आणि पलीकडे नेपाळचा सुदूरपश्चिम प्रदेश. डोटी, डडेल्धुरा, बैतडी, दार्चुला, बझांग, बाजुरा, अछाम हे डोंगरातले सात जिल्हे आणि खाली तराईतले कैलाली, कंचनपूर. सीमेवरच्या महेंद्रनगरहून (आता त्याचं नाव भीमदत्त) काठमांडू सुमारे ७०० किलोमीटर पडतं, दिल्ली त्याच्या निम्म्यावर. साहजिकच पोटापाण्यासाठी इकडच्या माणसाचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या काठमांडूकडे कमी आणि हिंदुस्थानाकडे जास्त. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर. इमारतींचे वॉचमन, हॉटेलांतले आचारी, गाड्या धुणारी मुलं यांतले कितीतरी जण याच पट्ट्यातले. त्या डोंगरांत एके काळी एचआयव्हीला ‘मुंबईचा रोग’ म्हणत, यावरून हे येणंजाणं किती जुनं आणि किती महागात पडलेलं आहे ते कळावं. वर्तमानपत्रांत हा भाग येतो तो भूकंपामुळे, नाहीतर पाळीच्या दिवसांत बायकांना गोठ्यात ठेवणाऱ्या छाउपडी प्रथेमुळे. भाषेसाठी कधी येत नाही.

या मुलखाला पूर्वी स्वतःचं राज्य होतं. कुमाऊँ-गढवालावर सत्ता असलेलं कत्युरी घराणं फुटलं आणि त्याच्या एका शाखेनं डोटीत बस्तान बसवलं. हे रैका राजे. त्यांच्या अजयमेरुकोटचे अवशेष आजच्या डडेल्धुरा जिल्ह्यात आहेत. १७९० मध्ये गोरख्यांच्या फौजेनं डोटी घेतली आणि लागोपाठ महाकाली ओलांडून कुमाऊँही. इंग्रजांशी युद्ध होऊन १८१६ साली सुगौलीचा तह लागू झाला तेव्हा कुमाऊँ इंग्रजांकडे गेलं आणि महाकाली ही सरहद्द ठरली. नदीच्या दोन्ही काठांवर एकमेकांच्या लेकीसुना होत्या. तहात त्यांचा विचार व्हायचं काही कारण नव्हतं.

आता भाषेची वंशावळ. डोटीच्या पूर्वेला जुमला जिल्ह्यात सिंजा नावाचं खोरं आहे. बाराव्या ते चौदाव्या शतकात तिथे खस मल्ल राजांचं मोठं राज्य होतं. दुल्लूसारख्या ठिकाणी त्या काळातले शिलालेख आहेत, आणि आजच्या नेपाळीचं माहेर कुठलं असं विचारलं तर नेपाळीचे अभ्यासक याच सिंजाकडे बोट दाखवतात. तिथून खस लोक पूर्वेकडे सरकत गेले, त्यांच्याबरोबर त्यांची भाषा गेली. गोरख्यात ती गोरखाली झाली, काठमांडूत दरबाराची झाली. १९१३ मध्ये तिथे सरकारी पुस्तकांसाठी जी समिती निघाली तिचं नाव ‘गोरखा भाषा प्रकाशिनी समिती’ असंच होतं. ‘नेपाळी’ हे नाव सरकारदरबारी नंतर रुळलं. थोडक्यात, भाषा पश्चिमेकडून पूर्वेला गेली, तिथे राजवाड्यात राहिली, कोश-व्याकरणाची ट्रंक घेऊन परत माहेरी आली आणि मागे राहिलेल्या बहिणींना म्हणाली, तुम्ही माझ्या बोली.

पंडितांचं मात्र एकमत नाही. ग्रियर्सननं आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९१६ च्या खंडात हिमालयातल्या पहाडी भाषांचे तीन गट केले: पूर्वेची नेपाळी, मधली कुमाऊँनी-गढवाली आणि पश्चिमेच्या बाकीच्या. डोटेली, म्हणजेच त्या बापाची डोट्याली, यातल्या पहिल्या दोहोंच्या बरोबर सांध्यावर बसते. राहुल सांकृत्यायनांनी तिला कुमाऊँनीची बोली मानलं. नेपाळी भाषाशास्त्रज्ञ बालकृष्ण पोखरेल यांनी नेपाळीच्या बोलींची जी विभागणी केली, तिच्यात अगदी पश्चिमेच्या टोकाच्या बोलींना ‘परपच्छिमा’ म्हटलं आणि डोटेली-बैतडेली तिथे टाकल्या. नेपाळात कॉलेजच्या पोरांना बहुधा हेच शिकवलं जातं. आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतावलीत तिसराच निकाल आहे. तिथे ‘नेपाळी’ हे वरचं छत्र आणि त्याखाली दोन स्वतंत्र नोंदी, एक नेपाळीची आणि एक डोटेलीची. भाषा की बोली या वादात मला शिक्षिका म्हणून फारसा रस नाही. वर्गात जे मूल पाठ्यपुस्तकातलं वाक्य ऐकून गप्प बसतं, त्याच्यासाठी ती दुसरी भाषाच असते.

ऐकायला डोटेली कशी आहे? मराठी कानाला पहिल्या दहा मिनिटांत जाणवतो तो ‘ण’. काठमांडूच्या नेपाळीत ‘ण’ लिहितात, बोलताना त्याचा ‘न’ होतो. म्हणून तिथे ‘पानी’. डोटीत आपल्यासारखं ‘पाणी’. नेपाळी ‘भन्नु’ म्हणजे म्हणणे, डोटेलीत त्याच धातूचं रूप ‘भण’; हे ‘भणणे’ आपल्या जुन्या काव्यातही आहेच. बाकी फरक व्याकरणाचे, छोटे पण पावलोपावली आडवे येणारे. ‘मध्ये’साठी नेपाळी ‘-मा’ लावते तिथे डोटेली ‘-मी’: नेपालमी, डोटीमी. ‘पासून’ला ‘बठे’. ‘आणि’ला ‘रे’. ‘करून’, ‘म्हणून’ यांसाठी नेपाळी ‘गरेर’, ‘भनेर’ म्हणते. डोटेलीत ‘गरिबर’, ‘भणिबर’ अशी रूपं चालतात. डोटीच्या माणसाला काठमांडूची नेपाळी रेडिओमुळे, शाळेमुळे चांगली समजते. काठमांडूच्या माणसाला डोटेली समजायला मेहनत घ्यावी लागते, आणि ती त्यानं घ्यावी असं त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतं.

हे एकतर्फी प्रकरण समजून घ्यायला मला एका राजाची मदत झाली. बझांगचे जयपृथ्वी बहादुर सिंह, जन्म १८७७. डोटेलीच्या नात्यातली बझांगी ज्या डोंगरात बोलतात तिथला हा माणूस. १९०१ साली त्यांनी ‘अक्षरांक शिक्षा’ हे पुस्तक लिहिलं. नेपाळीतल्या अगदी आरंभीच्या क्रमिक पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे त्यांनी ‘प्राकृत व्याकरण’ लिहिलं, तेही नेपाळीचं. जगभर फिरून मानवतावादावर व्याख्यानं दिली, आयुष्याचा शेवटचा काळ बंगळूरला काढला आणि १९४० मध्ये तिथेच वारले. नेपाळीला पाटी-पुस्तकात बसवण्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांत बझांगचा राजा आहे. बझांगीसाठी त्यांनी काही केलं नाही याचा दोष मी त्यांना देणार नाही. त्या काळी नेपाळीला संस्कृतच्या आणि इंग्रजीच्या बरोबरीनं उभं करणं हेच मोठं काम होतं. पण असं पुढेही होत राहिलं. सुदूरपश्चिमेचे हुशार लोक नेपाळी साहित्यात, राजकारणात, शिक्षणात गेले आणि तिथलेच झाले. बैतडीचे लोकेन्द्र बहादुर चंद हे माजी पंतप्रधान लेखक म्हणूनही मान्यता पावलेले; लेखन नेपाळीत. डडेल्धुऱ्याचे शेर बहादुर देउबा पाच वेळा पंतप्रधान झाले, आणि त्यांच्या बोलण्याची नक्कल हा काठमांडूच्या विनोदवीरांचा हक्काचा धंदा होऊन बसला. देशाच्या पंतप्रधानाची ही गत, तर डोटीतल्या सिलगढीहून काठमांडूला कॉलेजात गेलेल्या मुलीनं वर्गात तोंड का उघडावं?

सरकारी धोरण याला पोषकच होतं. १९५६ च्या राष्ट्रीय शिक्षण योजना आयोगानं शाळेत नेपाळी हेच माध्यम असावं अशी शिफारस केली. १९६० ते १९९० या पंचायत काळात एक राजा, एक भाषा, एक वेश यावर सगळा भर होता. तामांग, लिंबू, नेवार यांच्या भाषा त्यात भरडल्या गेल्या हे सगळ्यांना दिसलं, कारण त्या भाषा नेपाळीपासून इतक्या वेगळ्या आहेत की त्यांना कुणी नेपाळीची बोली म्हणूच शकत नाही. १९९० नंतर त्यांच्या जनजाती संघटना उभ्या राहिल्या, मागण्या झाल्या. डोटेली बोलणारे बाहुन, ठकुरी, छेत्री मात्र जातीच्या हिशोबानं ‘खस-आर्य’, म्हणजे राज्यकर्त्यांचेच भाऊबंद समजले जातात. त्यांच्यावर भाषेचा अन्याय झाला असं म्हणायचं तर म्हणणार कोण आणि कुणापुढे? याच डोंगरातले दलित, जे हीच भाषा बोलतात, त्यांचे प्रश्न पोटाचे आणि पाण्याच्या नळाचे होते. माझं मत विचाराल तर जवळच्या नात्यानं डोटेलीचं जेवढं नुकसान केलं तेवढं परक्या भाषेनं केलं नसतं. परकी भाषा आली तर माणूस निदान दार लावून घेतो.

डोटेलीतून नेपाळीत आणि परत असं सरकणं मला एका दिवसात, एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं. आमच्या त्या वॉचमनच्या कुटुंबाबरोबर मी त्याच्या गावी गौरा सणाला निघाले होते. दिल्लीच्या आनंद विहारहून रात्रीची बस, पहाटे बनबसा. शारदेवरच्या इंग्रजांच्या काळातल्या बांधावरून पलीकडे जायचं. महाकालीलाच खाली शारदा म्हणतात. बनबसाला सामान नेणाऱ्याशी त्यानं घासाघीस केली ती मुंबईच्या हिंदीत, अगदी ‘क्या बोलताय’सकट. पलीकडे गड्डाचौकीला भन्सार, म्हणजे नेपाळचा जकात नाका. तिथे पिशव्या उघडायला लावल्या. एक मिक्सर, दोन चादरी, पोराची सायकल. तिथे हा माणूस अचानक काठमांडूची नेपाळी बोलू लागला, ‘हजूर, हजूर’ करत, शब्द जपून टाकत, मान किंचित खाली. महेंद्रनगरच्या बसपार्कात डोंगरात जाणारी बस मिळाली. शेजारच्या सीटवर एक म्हातारबाबा होते, त्यांनी गाव विचारलं. आणि त्याचा आवाज मोठा झाला. आमच्या सोसायटीत इतकी वर्षं खालच्या सुरात ‘जी मॅडम’ म्हणणारा हा मनुष्य हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि मागच्या दोन रांगांतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो विनोदी आहे हे मला त्या दिवशी कळलं. अत्तरिया मागे पडून बस घाटाला लागली, डडेल्धुरा आलं, तरी बाबांचं आणि त्याचं संपलं नव्हतं. मधे एकदा वाहकानं भाड्यावरून काही म्हटलं तेव्हा तो दोन वाक्यं परत नेपाळीत गेला. वाहक तराईतला होता.

त्यांचं गाव दिपायलच्या वर, सेती नदीच्या खोऱ्यात. दिपायल नदीकाठी, उकाड्याचं. सिलगढी वर धारेवर, थंड, आणि तिथे शैलेश्वरीचं देऊळ. गौरा हा या मुलखाचा दिवाळीएवढा सण. भाद्रपदात पंचमीला बायका तांब्याच्या भांड्यात पाच धान्यं भिजत घालतात: उडीद, कुळीथ, वाटाणा, गहू आणि गुराँस नावाचं बारीक कडधान्य. त्याला म्हणतात बिरुडा. आपल्याकडच्या वालाच्या बिरड्याशी त्याचं नातं सख्खं, दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातला ‘विरूढ’, अंकुरलेला. मुलाच्या आजीला हे मी खुणा करकरून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि वाल कसा असतो, त्याची डाळ होते का, असं विचारलं. पुढे एक दिवस हे मोड आलेलं धान्य पाणवठ्यावर नेऊन धुतात. मग शेतातून सावा आणि इतर रोपं कापून आणून त्यांची गौरा बांधतात, तिला साडी-दागिने घालतात. आपल्याकडे तेरड्याची गौर आणतात तसंच, आणि भाद्रपदातच. महाकालीच्या अलीकडे आपल्या पिथौरागढ जिल्ह्यात हाच सण ‘सातूं-आठूं’ नावानं होतो, तिथेही बिरुडा असतो. सरहद्द नदीतून जाते, सण वरून.

रात्री अंगणात देउडा सुरू झाला. देउडा ऐकल्याशिवाय डोटेलीबद्दल बोलू नये असं मी म्हणेन. माणसं हातात हात गुंफून गोल धरतात, अर्धे एका बाजूचे, अर्धे दुसऱ्या. वाद्य नाही. पावलांचा ठेका असा की मधे एक पाऊल अर्धंच पडतं. देउडा हे नाव ‘दीड’वरूनच आलं असं सांगतात. एका बाजूनं दोन ओळी टाकायच्या, दुसऱ्या बाजूनं जागच्या जागी उत्तर द्यायचं. पहिली ओळ पुष्कळदा नुसती यमकासाठी, डोंगर, नदी, एखादं झाड; खरी मेख दुसऱ्या ओळीत. आपला कलगी-तुरा ज्यांनी ऐकलाय त्यांना यातली चुरस लगेच कळेल. प्रेम, विरह, सावकार, निवडणूक, सगळं त्यात येतं. त्या रात्री बायकांच्या बाजूनं सूर लावणारी एक चाळिशीची बाई होती, तिचा नवरा पुण्याला हॉटेलात. तिनं मुंबईहून आलेल्यांना धरलं. मुलानं कानाशी येऊन मराठीत अर्थ सांगितला: ती म्हणतेय, मिक्सर आणलात, आता वीज पण घेऊन या. गोल थांबला नाही, पण हसण्यात ठेका चुकला. पुरुषांच्या बाजूला उत्तर सुचेना. एका म्हाताऱ्यानं दिलं, ते मात्र मुलानं मला सांगायचं नाकारलं.

ही सगळी रचना डोटेलीत होते, आणि ‘-बर’, ‘-मी’ ही रूपं मात्रा जुळवायला अशी बसलेली असतात की ती काढून नेपाळी घातली तर ओळच पडेल. त्यामुळे आजही गोलातला देउडा सहसा नेपाळीत गात नाहीत. काठमांडूत राहणारे सुदूरपश्चिमेचे लोक गौरेला टुंडीखेलच्या मैदानावर जमतात आणि तिथेही डोटेली, अछामी, बझांगी यांतच गातात. ज्या मुली कॉलेजात तोंड उघडत नाहीत त्या इथे हक्कानं सूर लावतात. हल्ली हेच देउडे यूट्यूबवर आलेत. आमच्या वॉचमनच्या मोबाइलवर रात्रपाळीत तेच चालू असतात.

आकड्यांची गोष्ट वेगळी चालते. २००१ च्या नेपाळच्या जनगणनेत ४८.६ टक्के लोकांची मातृभाषा नेपाळी होती. २०११ मध्ये ती ४४.६ टक्क्यांवर आली. नेपाळी मागे पडली असा याचा अर्थ नव्हे. त्या वर्षी डोटेली, बैतडेली, अछामी, बझांगी अशा नावांनी लोकांनी आपली भाषा सांगितली आणि ती तशीच छापली गेली. डोटेली ७,८७,८२७, बैतडेली २,७२,५२४, अछामी १,४२,७८७. यातली एकट्या डोटेलीचीच संख्या त्या वेळच्या लोकसंख्येच्या जवळजवळ तीन टक्के. २०२१ मध्ये डोटेली १.७ टक्क्यांवर आली. एवढी माणसं दहा वर्षांत मेली नाहीत, गावं ओस पडली नाहीत. माणसं तीच; दारात आलेल्या प्रगणकाला दिलेलं उत्तर बदललं.

आपल्याकडे काय होतं? २०११ च्या भारतीय जनगणनेत नेपाळी मातृभाषा सांगणारे २९,२६,१६८. त्यांत दार्जिलिंग आहे, सिक्कीम आहे, आसाम आहे. मुंबई-पुण्याचे डोटीवाले त्यात कुठेतरी आहेत, नेपाळी म्हणून. आपल्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची १९,५६९ नावं होती. छाननी करून ती १,३६९ केली आणि त्यांच्या गठड्या बांधून भाषा उरल्या १२१. या गठड्या बांधण्यात कुणीतरी कुणाच्या तरी पोटात जातंच.

मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. कोकणी ही मराठीची बोली की भाषा, यावर आपल्याकडे काय काय लिहिलं गेलं ते सांगायला नको. साहित्य अकादमीनं १९७५ मध्ये कोकणीला मान्यता दिली. १९९२ मध्ये एकाहत्तरावी घटनादुरुस्ती होऊन ती आठव्या अनुसूचीत गेली. त्याच दुरुस्तीनं मणिपुरी आणि नेपाळीही तिथे गेल्या. भारतातल्या नेपाळी भाषकांनी, आमची भाषा परदेशी नाही, आम्ही इथलेच, हे पटवून द्यायला फार वर्षं घालवली होती. त्या लढ्यात ‘आमची एकच भाषा, नेपाळी’ असं म्हणणं गरजेचं होतं. हे एकदा म्हटलं की मग डोटेलीचं नाव काढणं जरा अवघड जातं. खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या माझ्या सहकारी शिक्षिका हे ऐकून नुसत्या हसल्या.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानानं देशात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या मातृभाषांना राष्ट्रभाषा म्हटलं. सरकारी कामकाजाची भाषा देवनागरीतली नेपाळी. शिवाय प्रत्येक प्रदेशाला आपल्याकडे जास्त बोलली जाणारी एक किंवा अधिक भाषा कायद्यानं ठरवायची मुभा. कुठल्या भाषा घ्याव्यात हे सांगायला भाषा आयोग नेमला गेला. त्यानं सप्टेंबर २०२१ मध्ये शिफारसी दिल्या, आणि सुदूरपश्चिम प्रदेशासाठी दोन नावं सुचवली: डोटेली आणि तराईतल्या थारूंची थारू. डोटेलीतून विकिपीडियाही चालतो, काही हौशी पोरांनी चालवलेला. एरवी ज्या भाषेत कुणी दुकानाची पाटीसुद्धा लिहीत नाही तिच्यात तिथे जिल्ह्यांवर, नद्यांवर, देवळांवर लेख आहेत.

सिलगढीला शैलेश्वरीच्या देवळाखालच्या चहाच्या दुकानात मी या शिफारशीचा विषय काढला. तिथे डोटीचे लोक होते, एक बझांगचा शिक्षक होता, एक अछामचा ट्रकवाला. मला वाटलं सगळे खूश होतील. डोटीवाले होतेच. बझांगच्या गुरुजींनी मात्र ग्लास खाली ठेवला. त्यांचं म्हणणं, आमच्या बोलीला डोटेली का म्हणायचं? बझांग वेगळं राज्य होतं, आमचे शब्द वेगळे, आमचा हेल वेगळा. पहिलीच्या पुस्तकात कुणाचं क्रियापद छापणार, डोटीचं की बझांगचं? अछामचा ट्रकवाला म्हणाला, अछामचं छापा, आमची माणसं मुंबईत जास्त आहेत. यावर डोटीचा दुकानदार म्हणाला, अरे बाबांनो, फरक किती, दोन-चार शब्दांचा. हे एकच भाषा नाही तर काय?

गुरुजी उसळले. “काठमांडूवालेही आपल्याला हेच सांगतात,” ते म्हणाले, आणि मग तिघेही एकदम, तीन जिल्ह्यांच्या तीन तऱ्हांनी बोलू लागले. शब्द मला समजत नव्हते, पण त्यांचं एकमेकांना सगळं समजत होतं.